स्वतःच्याच ऊतीचा ग्राफ्ट: योनिमार्गाच्या पुनर्रचनेत कुठून घ्यावा, किती घ्यावा आणि का फसतो

प्रश्न सोलापुरात प्रॅक्टिस करणाऱ्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांचा आहे. थोडक्यात असा: रुग्ण ५४ वर्षांची, बिड्या वळणारी. तीन वर्षांपूर्वी खालून पिशवी काढली, त्याच वेळी पुढची भिंत शिवली. आता ‘अंग पुन्हा बाहेर येतंय’. जोर करायला सांगितल्यावर व्हॉल्ट (पिशवी काढल्यावर उरलेलं योनिमार्गाचं वरचं टोक) हायमेनच्या, म्हणजे योनिमुखाच्या कडेच्या, ३ सेंटिमीटर बाहेर, पुढची भिंत ४ सेंटिमीटर बाहेर, योनिमार्गाची एकूण लांबी ८. घरच्यांनी आधारासाठी बसवायच्या कृत्रिम जाळीबद्दल बरंवाईट ऐकलंय, ती नको म्हणतात. बाईच्या स्वतःच्या शरीरातली ऊती वापरता येईल का, कुठली, किती, कशी? शिवाय दोन उपप्रश्न: फिस्टुलासाठी (मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यात पडलेल्या भोकासाठी) आणि जन्मतः योनिमार्ग नसलेल्या मुलींसाठी कुठला ग्राफ्ट, म्हणजे दुसऱ्या जागेवरून काढून लावायचा ऊतीचा तुकडा?

वापरता येईल. मात्र ‘कुठला ग्राफ्ट’ हा दुसरा प्रश्न झाला. पहिला असा की त्या ऊतीला काम काय द्यायचंय, आणि ती जगणार कशावर. कामं तीनच आहेत. भार पेलायचा असेल तर फॅशिया, म्हणजे स्नायूंवरचं चिवट तंतुमय आवरण: मांडीचा फॅशिया लाटा किंवा पोटाचा रेक्टस शीथ. पृष्ठभाग आच्छादायचा असेल तर त्वचा, गालाच्या आतली श्लेष्मल त्वचा किंवा पेरिटोनियम, म्हणजे पोटाच्या आतलं अस्तर. दोन शिवणींच्या मध्ये रक्तपुरवठा असलेलं काहीतरी घालायचं असेल तर ग्राफ्ट नव्हे, फ्लॅप. म्हणजे स्वतःची रक्तवाहिनी घेऊन येणारी ऊती. यात गल्लत झाली की पुढचं सगळं कौशल्य वाया जातं. भार पेलायला त्वचा लावली तर ती ताणते. रेडिएशन झालेल्या जागी मोकळा ग्राफ्ट लावला तर तो मरतो.

मोकळ्या ग्राफ्टचं पहिल्या आठवड्यातलं आयुष्य डोळ्यांसमोर ठेवा. पहिले २४ ते ४८ तास तो खालच्या जागेतून झिरपणाऱ्या द्रवावर तगतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या केशवाहिन्या खालच्या केशवाहिन्यांशी जोडल्या जायला लागतात. चौथ्या ते सातव्या दिवसांत खरा रक्तप्रवाह सुरू होतो. या काळात ग्राफ्ट आणि खालची जागा यांच्यात रक्ताची गुठळी साचली, ग्राफ्ट सरकला किंवा जंतुसंसर्ग झाला, तर जोडणी होतच नाही. फॅशियाला पेशी कमी, भूक कमी, म्हणून तो जरा सोशिक. त्वचा आणि श्लेष्मल त्वचा तेवढी सोशिक नाही. म्हणून माझं मत असं की ऑपरेशनचा निम्मा वेळ ग्राफ्ट काढण्यावर आणि लावण्यावर जात असेल, तर उरलेला निम्मा जागा कोरडी करण्यावर जायलाच हवा. योनिमार्गातले ग्राफ्ट बहुतेक वेळा घेताना बिघडत नाहीत, ज्या जागेवर ठेवले तिथे बिघडतात.

आता तुमची रुग्ण. आधी एक स्पष्ट करतो: पहिल्याच ऑपरेशनला ग्राफ्टची गरज सहसा नसते. ब्रिटनमधल्या ‘प्रॉस्पेक्ट’ चाचणीत (२०१७) पहिल्यांदा भिंत शिवून घेणाऱ्या स्त्रियांना जाळी किंवा प्राणिज ग्राफ्ट लावून पहिल्या दोन वर्षांत काही फायदा दिसला नाही. ग्राफ्टचा विचार करायचा तो पुन्हा खाली आल्यावर, ऊती फारच विरविरीत असल्यावर किंवा शीर्षाला, म्हणजे व्हॉल्टला, आधार द्यायचा असल्यावर. तुमच्या रुग्णात पहिली आणि तिसरी दोन्ही कारणं आहेत.

जाळीबद्दल घरच्यांना नेमकं सांगा. १६ एप्रिल २०१९ ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पुढच्या भिंतीसाठी योनिमार्गातून बसवायच्या जाळ्यांची विक्री थांबवायला लावली. लघवी गळण्यासाठी मूत्रनलिकेखाली बसवायची टेप किंवा पोटातून सेक्रमला (कण्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडाला) बांधायची जाळी त्या आदेशात नव्हती. ‘जाळी म्हणजे विष’ असं सांगून मांडीचा फॅशिया घ्यायला लावणं हे रुग्णाला अर्धवट माहिती देणं झालं. तीन पर्याय समोर ठेवा: पोटातून जाळीने सेक्रोकोल्पोपेक्सी (व्हॉल्ट सेक्रमला बांधणं), पोटातूनच मांडीच्या फॅशियाने सेक्रोकोल्पोपेक्सी, आणि खालून तिच्याच सॅक्रोस्पायनस लिगामेंटला (कटिभागातल्या मजबूत अस्थिबंधाला) व्हॉल्ट बांधणं, ज्यात ग्राफ्ट लागतच नाही. मग तिला ठरवू द्या. सोलापूरच्या पूर्व भागात हे बोलणं बऱ्याचदा तेलुगूत करावं लागतं, अक्कलकोटकडच्या बाईशी कन्नडमध्ये. मांडीवर जखम का होणार हे तिला आधी तिच्या भाषेत कळलं नसेल तर शुद्धीवर आल्यावरचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि तेव्हा उत्तर द्यायला उशीर झालेला असतो.

एक चूक नेहमी दिसते: फक्त पुढच्या भिंतीवर फॅशियाचा तुकडा शिवायचा आणि शीर्षाला हात लावायचा नाही. मोठ्या सिस्टोसीलमध्ये (मूत्राशयासह भिंत खाली येण्यात) पुढची भिंत खाली येण्याचं मोठं कारण शीर्ष निखळलेलं असतं हेच असतं. शीर्ष उचललं की पुढची भिंत बरीचशी आपोआप वर जाते, हे तपासणीतच स्पंज फोर्सेप्सने व्हॉल्ट वर ढकलून बघता येतं. व्हॉल्ट धरून ठेवल्यावर भिंत जागेवर राहत असेल, तर वेगळ्या तुकड्याची गरज नाही.

स्वतःचा फॅशिया वापरणं हे काही पश्चिमेकडून आलेलं नवं खूळ नाही. मुंबईत डॉ. विठ्ठल शिरोडकरांनी गर्भाशयमुखाचा टाका १९५५ मध्ये मांडला तेव्हा तो मांडीच्या फॅशियाच्या पट्टीनेच घातला होता. कृत्रिम टेप नंतर आली. मुंबईतल्याच डॉ. पुरंदऱ्यांच्या सर्व्हायकोपेक्सीत रेक्टस शीथच्या पट्ट्यांनी गर्भाशय पोटाच्या भिंतीला टांगायचं. मूल व्हायचंय अशा तरुण मुलींसाठी ती केलेली असायची. वरिष्ठांकडून ही ऑपरेशनं तुम्ही पाहिली असतील, तर फॅशिया हाताळायची सवय तुम्हाला आहेच.

रेक्टस शीथ की फॅशिया लाटा? आपल्याकडे अनेक स्त्रियांची एक-दोन सिझेरियन झालेली असतात, नसबंदीचा छेद असतो. तिथला शीथ चिवट, व्रण पडलेला. सारखी रुंदी मिळत नाही, आणि १५ सेंटिमीटर तर नाहीच. शिवाय शीथची मोठी पट्टी घेतली की पोटाच्या हर्नियाची धास्ती. मूत्रनलिकेखालच्या स्लिंगला, म्हणजे लघवी गळू नये म्हणून द्यायच्या आधारपट्टीला, ८ ते १० सेंटिमीटर लांब, दीड ते दोन सेंटिमीटर रुंद पट्टी पुरते, तिथे रेक्टस शीथ उत्तम. तोच आडवा छेद वापरायचा. सेक्रमपर्यंत जायचं असेल तर मांडी.

मांडीचा फॅशिया काढण्याची माझी पद्धत अशी. रुग्ण पाठीवर, नितंबाखाली छोटी उशी, मांडी किंचित आत वळवलेली. ग्रेटर ट्रोकँटर (मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा) आणि गुडघ्याच्या बाहेरचा एपिकोंडाइल (खालचा उंचवटा) यांच्यात रेघ ओढायची. फॅशियाचा जाड, पांढरा पट्टा त्या रेघेवर असतो. खालचा छेद एपिकोंडाइलच्या किमान चार-पाच बोटं वर. त्याखालचा भाग सोडून द्यायचा, कारण तो गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला स्थैर्य देतो. तीन-चार सेंटिमीटरचे दोन आडवे छेद, त्यांत बारा-तेरा सेंटिमीटरचं अंतर. चरबी फॅशियावरून बोटाने आणि गॉझने बाजूला सारायची. मधल्या त्वचेच्या पुलाखालून लांब रिट्रॅक्टर घातला की फॅशिया स्वच्छ दिसतो. स्ट्रिपर असला तर दीड-दोन सेंटिमीटरची पट्टी पटकन निघते, पण सेक्रोकोल्पोपेक्सीला तीन ते चार सेंटिमीटर रुंदी हवी. त्यासाठी तंतूंच्या दिशेने दोन समांतर छेद लांब कात्रीने द्यायचे आणि दोन्ही टोकं शेवटी तोडायची.

मोजमाप तोडण्याआधी, जागेवर असतानाच, मार्करने करा. सुटा झाला की फॅशिया थोडा आखडतो आणि मग ओढून मोजायचा मोह होतो. किती घ्यायचा? व्हॉल्टपासून सेक्रल प्रोमोंटरीपर्यंत (सेक्रमच्या वरच्या, पुढे आलेल्या कडेपर्यंत) आठ-दहा सेंटिमीटर, त्याशिवाय योनिमार्गाच्या भिंतीवर पसरवायला चार-पाच, आणि आखडण्यापुरतं थोडं जादा. म्हणजे १४ ते १६ सेंटिमीटर बाय ३ ते ४. मागच्या भिंतीसाठी वेगळं पान जोडायचं असेल तर १८ सेंटिमीटर घेऊन एक तुकडा कापून शिवता येतो. काढलेली पट्टी टेबलावर ब्लेडच्या पाठीने खरवडून चरबी काढा आणि सलाइनमध्ये बुडवून ठेवा. ओल्या गॉझमध्ये गुंडाळलेली पट्टी एसीच्या झोतात विसरली जाते आणि कडा कागदासारख्या होतात. हे क्षुल्लक वाटतं, पण कडेचे टाके तिथेच फाटतात.

फॅशियातली एवढी रुंद पोकळी शिवायला जाऊ नका, ताण येतो. रक्तस्राव बारकाईने थांबवा, त्वचेखालचा थर आणि त्वचा शिवा, मांडीला ४८ तास क्रेप बँडेज. पहिल्या दिवशीच चालवा. आठवडा-दोन आठवडे मांडी दुखते, विशेषतः जिना उतरताना. स्नायूचा फुगवटा दिसू शकतो. तो दुखत नाही, पण आधी सांगितलेलं नसलं तर बाई घाबरते. मे महिन्यात सोलापुरात चाळिशीपलीकडच्या उन्हात बँडेजखाली घाम साचून त्वचा भिजते, म्हणून दुसऱ्या दिवशी बँडेज उघडून त्वचा कोरडी करून पुन्हा बांधणं इथे आवश्यकच.

आता पोटात. पोट उघडून किंवा दुर्बिणीतून, तुमच्या हाताला जे जमतं त्याने. व्हॉल्टमध्ये ओब्ट्युरेटर (बोथट दांडा) घालून वर ढकला, मूत्राशय पुढून चार-पाच सेंटिमीटर खाली सोडवा. आधी पिशवी काढलेली आणि भिंत शिवलेली असल्यामुळे इथला थर चिकटलेला असणार. मूत्राशयात १५०-२०० मिलिलिटर सलाइन भरलं की त्याची कड दिसते. फॅशिया सुरकुती न पडू देता पसरवा आणि २-० पीडीएसने (सावकाश विरघळणाऱ्या धाग्याने) पुढे सहा, मागे चार-सहा टाके. टाका योनिमार्गाच्या भिंतीच्या पूर्ण जाडीतून जाऊ देऊ नका. आतून बोट घालून तपासा. फॅशिया गोळा झाला, घडी पडली, तर ती जागा नंतर कठीण लागते आणि संबंधाच्या वेळी दुखते. फॅशिया म्हणजे काही धुऊन पुन्हा ताणायची सोलापुरी चादर नव्हे, एकदा ज्या आकारात चिकटला त्याच आकारात राहतो.

सेक्रमच्या टाक्यांची जागा चुकणं हा या ऑपरेशनमधला सर्वांत महागडा प्रकार. समोर सर्वांत पुढे आलेलं जे दिसतं ती बऱ्याचदा एल-५ (कमरेचा शेवटचा मणका) आणि एस-१ (सेक्रमचा पहिला) यांच्यामधली चकती असते, हाड नव्हे. तिच्यात टाका गेला तर डिस्कायटिस, म्हणजे चकतीचा दाह, होऊ शकतो, आणि पाठदुखी घेऊन रुग्ण आठवड्यांनी ऑर्थोपेडिककडे जाते, तुमच्याकडे नाही. टाका त्याच्या किंचित खाली, एस-१ वरच्या अँटिरियर लाँजिट्युडिनल लिगामेंटमध्ये. हा थर एक-दोन मिलिमीटरचाच असतो, म्हणून सुई आडवी, उथळ. डावीकडे डावी कॉमन इलियक शीर, उजवीकडे उजवी मूत्रवाहिनी, मध्ये मिडल सेक्रल वाहिन्या. आधी दिसू द्या, मगच सुई. न विरघळणारे ०-नंबरचे दोन टाके. बांधताना ओब्ट्युरेटर काढून घ्यायचा. आतून ढकलत असताना बांधलेला फॅशिया नंतर ताणलेला राहतो, आणि ताणलेल्या फॅशियामुळे मूत्रनलिकेचा कोन उघडतो. त्यातून नव्याने लघवी गळायला लागते. वरून पेरिटोनियम शिवा. सिस्टोस्कोपी (मूत्राशयाची दुर्बीण-तपासणी) करून दोन्ही मूत्रवाहिन्यांतून लघवी येतेय हे बघितल्याशिवाय टेबल सोडू नका.

इथे एक आकडा नेहमी पुढे केला जातो, त्याचं स्पष्टीकरण हवं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका रँडमाइज्ड चाचणीत सेक्रोकोल्पोपेक्सीला वर्षभरात जाळीने ९१ टक्के आणि फॅशिया लाटाने ६८ टक्के यश मिळालं. ‘बघा, फॅशिया कमजोर’ असं यावरून म्हणतात. तो फॅशिया मृतदेहातून घेतलेला, प्रक्रिया करून वाळवलेला होता. रुग्णाच्या स्वतःच्या, नुकत्याच काढलेल्या फॅशियाला तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही रुग्णाला मी हेच सांगेन की टिकाऊपणात जाळी थोडी सरस, आणि स्वतःच्या फॅशियाचा फायदा असा की तो योनिमार्गात उघडा पडून वर्षानुवर्षं छळत नाही. ही देवघेव आहे, आणि तिने समजून करायची आहे.

पोटात जायचं नसेल, भूल देणारे नको म्हणत असतील, तर सॅक्रोस्पायनस फिक्सेशन. टाके इश्चियल स्पाइनपासून (कटीच्या हाडाच्या टोकापासून) दोन सेंटिमीटर आत. स्पाइनला चिकटून घेतले तर प्युडेंडल वाहिन्या आणि चेता टाक्यात सापडतात. नितंबात दुखणं पहिले काही आठवडे अपेक्षित, बहुतेकदा सहा आठवड्यांत जातं. शुद्धीवर येताच पायात खाली जाणारी तीव्र कळ असेल तर वाट बघू नका, टाका काढा. ५४ व्या वर्षी, आधार पुन्हा पुन्हा सुटलेल्या आणि रोज जमिनीवर बसून काम करणाऱ्या बाईत मी फॅशियाने वरून बांधणं पसंत करेन. ७० च्या पुढे, मधुमेह-हृदयविकार असेल तर खालून.

लघवी गळण्याचीही तक्रार असेल तर रेक्टस शीथच्या स्लिंगचा विचार करा, पण ती ‘चालता चालता’ घालायची गोष्ट नाही. ६५५ स्त्रियांवरच्या २००७ मधल्या अमेरिकी चाचणीत दोन वर्षांनी जोर दिल्यावर गळण्यापुरतं यश फॅशियाच्या स्लिंगने ६६ टक्के, बर्च ऑपरेशनने (मूत्रनलिकेजवळची भिंत टाक्यांनी वर टांगणं) ४९ टक्के होतं. पण स्लिंगमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग आणि लघवी अडकणं जास्त. स्लिंगचा दोरा पोटावर बांधताना गाठीखाली दोन बोटं सहज जायला हवीत. घट्ट स्लिंग म्हणजे स्वतः कॅथेटर घालत बसलेली बाई.

ऑपरेशनआधीच्या तयारीत सोलापूरसाठी तीन गोष्टी वेगळ्या सांगतो. पहिली मिशेरी. ‘तंबाखू खाता का’ विचारलं तर बाई नाही म्हणते, कारण तिच्या मते मिशेरी म्हणजे दात घासणं. ‘मिशेरी लावता का, दिवसातून किती वेळा’ असं विचारा. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचतात आणि वर सांगितलेली केशवाहिन्यांची जोडणी होत नाही. किमान चार आठवडे बंद. बिडी कामगार ओढत नसली तरी दिवसभर पानाची धूळ हातात आणि नाकात असते. तिला खोकला असेल तर आधी त्याचा बंदोबस्त, नाहीतर प्रत्येक ठसक्याला टाके ताणतील. दुसरी गोष्ट, पाळी गेलेल्या बाईला इस्ट्रोजेन क्रीम: दोन आठवडे रोज रात्री, पुढे आठवड्यातून दोनदा, एकूण चार ते सहा आठवडे. स्तनाचा कर्करोग झालेला नाही याची खात्री करूनच. पातळ, कोरडी भिंत टाका धरत नाही. तिसरी, हिमोग्लोबिन १० च्या वर, साखर आटोक्यात, लघवीचं कल्चर नकारार्थी, योनिमार्गातला स्राव असेल तर त्याचा उपचार पूर्ण. छेदाआधी तासाभरात सेफाझोलिन २ ग्रॅम.

आणि डिस्चार्जच्या कागदावर ‘जड उचलू नये’ एवढं लिहून भागत नाही. शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घागरी आणि बॅरल भरायचे असतात, आणि ते बाईच भरते. १५ लिटरची भरलेली घागर म्हणजे भांड्याचं वजन सोडून १५ किलो. आठ आठवडे पाणी कोण भरणार हे ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी नवऱ्याला किंवा सुनेला विचारा. बिड्या वळायला मांडी घालून तासन्‌तास बसणं सहा आठवडे बंद. मग दर अर्ध्या तासाला उठणं. मजुरीचा हप्ता बुडणार आहे, हे लपवू नका. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून इसबगोल किंवा लॅक्टुलोज पहिल्या दिवसापासून. सरकारी आरोग्य योजनेतून करणार असाल तर ग्राफ्टसह पुनर्रचना कुठल्या पॅकेजमध्ये बसते हे रुग्णालयाच्या योजना कक्षाकडून आधी लेखी घ्या, मागाहून वाद नको.

आता फिस्टुला. पिशवी काढताना झालेली, ताजी नसलेली, एक सेंटिमीटरची फिस्टुला असेल तर नीट सोडवून, ताण न देता, दोन थरांत शिवली की बहुतेकदा पुरतं. प्रत्येक वेळी मार्शियस फ्लॅप (लेबियातली, म्हणजे योनिमुखाच्या ओठातली चरबी) घालायचा हट्ट आता अनेक फिस्टुला सर्जननी सोडला आहे. फ्लॅप घाला तो पुन्हा फाटलेल्या, मोठ्या, मूत्रनलिकेजवळच्या किंवा रेडिएशननंतरच्या फिस्टुलाला. बार्शीला कर्करोग रुग्णालय असल्यामुळे सोलापूर-धाराशिव पट्ट्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला रेडिएशन घेतलेल्या बायका तुमच्याकडे येणारच. तिथे आधी बायोप्सी, कर्करोग परत आलेला नाही ना. मग सहा महिने ते वर्षभर थांबायचं, कडा स्थिर होऊ द्यायच्या. आणि मोकळा ग्राफ्ट नाही, कारण रेडिएशनने तिथल्या बारीक धमन्याच बुजलेल्या असतात, ग्राफ्टला पोसणारं कोणी नाही.

मार्शियस फ्लॅप १९२८ चा, हाइनरिख मार्शियस यांचा. लेबिया मेजोराच्या आतला चरबी-तंतूंचा गोळा. पुढून बाह्य प्युडेंडल, मागून आंतरिक प्युडेंडल, बाजूने ओब्ट्युरेटर धमनीच्या शाखा, असा तिहेरी रक्तपुरवठा. बाजूच्या शाखा तोडाव्या लागतात. पुढचा किंवा मागचा, एकच पाया ठेवायचा. फिस्टुला खोल असेल तर मागचा पाया सोयीचा, मूत्रनलिकेजवळ असेल तर दोन्ही चालतात. लेबियावर सहा-आठ सेंटिमीटरचा उभा छेद, त्वचेला लागून नव्हे तर थोडी चरबी त्वचेवर सोडून. नाहीतर लेबिया पोकळ दिसतो. सुटं टोक तोडल्यावर त्यातून रक्त येतंय का बघा, ओल्या गॉझमध्ये दोन मिनिटं ठेवून रंग बघा. योनिमार्गाच्या भिंतीखालून बोगदा दोन बोटं मोकळी जातील एवढा. अरुंद बोगदा हेच फ्लॅप मरण्याचं नेहमीचं कारण: आत सूज येते, शीर दाबली जाते, फ्लॅप काळा पडतो. ३-० विरघळणाऱ्या धाग्याचे चार टाके, शिवणीच्या पलीकडे एक सेंटिमीटर जाईल असा पसरवून. लेबियात बारीक ड्रेन २४ तास. लेबिया सुन्न राहणं, किंचित असमानता, अधूनमधून रक्त साचणं हे आधी सांगून ठेवा.

वरून झाकणारी योनिमार्गाची भिंतच कमी पडत असेल, आच्छादनाला काही उरलं नसेल, तर मांडी-जांघेतला प्युडेंडल थाय फ्लॅप, ज्याला सिंगापूर फ्लॅप म्हणतात. १५ बाय ६ सेंटिमीटरपर्यंत मिळतो. इथे प्लास्टिक सर्जनला आधीपासून सोबत घ्या. साध्या फिस्टुलात कॅथेटर सात ते दहा दिवस पुरतो. रेडिएशननंतर मात्र तीन आठवडे, आणि काढण्याआधी डाय टेस्ट, म्हणजे मूत्राशयात रंगीत द्रव भरून गळती बघणं.

शेवटी जन्मतः योनिमार्ग नसलेल्या मुली. साधारण साडेचार ते पाच हजार मुलींमागे एकीला असं असतं, आणि सोळा-सतराव्या वर्षी पाळी आली नाही म्हणून किंवा, अजूनही, लग्न ठरल्यावर ते कळतं. कॅरिओटाइप (गुणसूत्रांचा संच) ४६ एक्सएक्स असल्याची खात्री, मूत्रपिंडांची सोनोग्राफी. साधारण तीन-चार जणींत एकीच्या मूत्रपिंडात किंवा त्याच्या जागेत दोष सापडतो. मग शस्त्रक्रियेआधी डायलेटर, म्हणजे जागा हळूहळू ताणून वाढवणारी गुळगुळीत कांडी. समजूतदार, स्वतःहून तयार असलेल्या मुलीत रोज वीस-तीस मिनिटं, दोनदा, काही महिने केल्यावर दहांतल्या नऊ जणींना शस्त्रक्रिया लागत नाही. लग्नाची तारीख पुढच्या महिन्यात आहे म्हणून ऑपरेशन, ही घाई ग्राफ्ट मारते. ऑपरेशननंतरही डायलेटर वापरावाच लागतो, आणि जी मुलगी आधी वापरायला तयार नव्हती ती नंतर वापरेल असं गृहीत धरू नका.

शस्त्रक्रिया ठरलीच तर मॅकिंडो, म्हणजे जागा उघडून मोल्डवर (साच्यावर) गुंडाळलेली त्वचा आत बसवणं. नितंब किंवा मांडीवरून ०.३ ते ०.४५ मिलिमीटर जाडीची त्वचा, साधारण २० बाय ८ ते १० सेंटिमीटर. पातळ घेतली तर आकसते, जाड घेतली तर धरत नाही आणि काढलेली जागाही लवकर भरत नाही. मूत्राशय-मूत्रनलिका आणि गुदाशय यांच्यातली जागा बोटांनी, कॅथेटर आणि गुदाशयातलं बोट यांचा अंदाज घेत उघडायची. जोर मागच्या बाजूला गेला तर गुदाशय फाटतो. तसं झालं तर शिवा आणि ग्राफ्ट त्या दिवशी लावू नका. जागा पूर्ण कोरडी. मोल्ड मऊ हवा: फोमच्या तुकड्यावर कंडोम चढवलेला. कठीण मोल्डने मूत्रनलिकेवर दाब येऊन फिस्टुला होते. त्वचेची कच्ची बाजू बाहेर, म्हणजे शरीराकडे. ऐकायला सोपं, पण मोल्डवर गुंडाळताना उलटी झालेली त्वचा ही पुस्तकातली चूक नाही, टेबलावरची आहे, म्हणून सिस्टरला मोठ्याने विचारून खात्री करा. शिवणी मोकळ्या ठेवून मधे फटी, म्हणजे खालचं रक्त बाहेर पडेल. सात दिवस अंथरूण, कॅथेटर, कमी चोथ्याचा आहार. सातव्या दिवशी भूल देऊन मोल्ड काढा, सलाइनने धुवा, ग्राफ्ट किती धरला बघा, मृत कडा कापा. त्यानंतर तीन महिने मोल्ड जवळजवळ सतत, पुढे सहा महिने रात्री.

गालाच्या आतली श्लेष्मल त्वचा मला त्वचेपेक्षा आवडते: ओली, केस नसलेली, भरपूर केशवाहिन्यांची, कमी आकसणारी. दोन्ही गालांतून प्रत्येकी ५ ते ६ बाय २ ते अडीच सेंटिमीटर मिळते, फटी पाडून ती ताणता येते. लाळेच्या नळीचं तोंड वरच्या दुसऱ्या दाढेसमोर असतं. त्यापासून आणि ओठाच्या कडेपासून सेंटिमीटरभर दूर राहा. आधी अॅड्रेनालिन मिसळलेलं लिग्नोकेन टोचून थर वेगळा करा, काढल्यावर मागची चरबी आणि स्नायू कात्रीने साफ करा. पण आधी तोंड उघडायला लावा. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली तरी सुपारी आणि तंबाखू गेलेली नाही. तोंडात तीन बोटं उभी जात नसतील, गालाच्या आत पांढरट, ताठ पट्टे लागत असतील, तर ती सबम्यूकस फायब्रोसिस आहे आणि तिथून ग्राफ्ट घ्यायचा नाही. तोंड अजून आवळेल. अशा मुलीत दुर्बिणीतून पेरिटोनियम खाली ओढून शिवणारं डेव्हिडॉव्ह ऑपरेशन करा. काढण्याची जागा वेगळी लागतच नाही, पण मूत्राशयाजवळचा हात सरावलेला हवा. २०१४ मध्ये चार मुलींच्या स्वतःच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून योनिमार्ग बसवल्याचा अहवाल आला होता. उत्साह वाटावा असं काम आहे, पण आज तुमच्या रुग्णासमोर ठेवायचा पर्याय तो नाही.

तुमच्या मूळ रुग्णाला परत बोलवण्याचं वेळापत्रक: दोन आठवड्यांनी मांडी आणि पोटाची जखम, सहा आठवड्यांनी पहिली अंतर्गत तपासणी, मग तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि पुढे वर्षाला एकदा, पुढची भिंत, मागची भिंत आणि शीर्ष यांचं मोजमाप लिहून ठेवून. शीर्ष वर नीट बसलं की काही वेळा मागची भिंत खाली येते, ती या मोजमापातच सापडते. लघवी अडकतेय, ताप, मांडीत वाढणारी सूज, किंवा एका बाजूच्या कमरेत दुखणं यांपैकी काहीही असेल तर तारखेची वाट न बघता यायला सांगा. कमरेतल्या दुखण्याला त्याच दिवशी सोनोग्राफी करा.